परिच्छेद प्रलंबित

आमच्या सोसायटीत कुणी नवं राहायला आलं की त्याला तीन गोष्टी आधी सांगून ठेवाव्या लागतात: पाणी किती वाजता येतं, घंटागाडी किती वाजता येते आणि दुसऱ्या मजल्यावर ऑडिटकाका राहतात. पहिल्या दोन्हींच्या वेळा बदलतात.

काका स्थानिक निधी लेखापरीक्षेतून निवृत्त झाले. पंचायत समितीत ज्याने नोकरी काढली आहे त्याच्यासमोर नुसतं ‘लोकल फंड आलंय’ म्हणून बघा, माणूस उठून कपाटाच्या किल्ल्या शोधायला लागतो. सांगली, सातारा, सोलापूर जिल्ह्यांतली किती कपाटं काकांनी अशी उघडायला लावली, याची गणती नाही. जत तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीने छत्तीस खांबांसाठी चाळीस बल्ब घेतले होते. उरलेले चार कुठे आहेत, हा काकांचा आक्षेप अकरा वर्षं चालला. ग्रामसेवक बदलले, सरपंच बदलले, एक सरपंच तर वारले. शेवटी बल्ब सापडले, पण तोवर ते निरुपयोगी झाल्यामुळे निर्लेखित करावे लागले आणि त्या निर्लेखनावर काकांनी नवा आक्षेप काढला. ही हकीकत सांगताना त्यांचा चेहरा नातवंडांचे फोटो दाखवणाऱ्या आजोबासारखा होतो.

निवृत्तीनंतर लोक ज्ञानेश्वरी उघडतात, कुंड्या आणतात, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसतात. काकांनी तपासणी चालू ठेवली. दूधवाल्याच्या मापाची, गणपतीच्या वर्गणीची, सोसायटीच्या पंपाच्या वीजबिलाची. किराणा मालाच्या यादीवर ते अजून हिरव्या शाईने बरोबरच्या खुणा करतात. शंका आली की अर्धसमास पत्र निघतं. कागदाला मधोमध उभी घडी, डाव्या बाजूला शंका, उजवी बाजू खुलाशासाठी कोरी. माझी स्कूटर पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्याबाहेर सहा इंच का येते, यावरचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. खुलासा मी अजून दिलेला नाही. काका महिन्याच्या पहिल्या तारखेला स्मरणपत्र देतात.

आता असा माणूस, चहाच्या बिलालासुद्धा प्रमाणक मागणारा, लशीच्या अफवेला कसा काय भुलला?

त्यासाठी काकांचं व्हॉट्सॲप पाहायला हवं. त्यांना आलेला महत्त्वाचा संदेश ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर उतरवून आणतात, आवक नोंदवहीत त्याला क्रमांक देतात, पंच करतात, टॅग लावतात आणि विषयवार फाइल करतात. ‘आरोग्य’ ही त्यातली सर्वांत जाड फाइल. तिच्यात दुधी भोपळ्याचा रस आहे, तांब्याच्या भांड्यातलं पाणी आहे आणि ‘लसीकरण व ऑटिझम’ असं वेगळं उपशीर्षक आहे. ते २०१८ पासूनचं. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम निघाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना एक डोस. आमच्या शाळेतही सिस्टर आल्या होत्या. मोबाइलवरचे निरोप त्यांच्या आधी येऊन पोचले होते, त्यामुळे काही पालकांनी त्या दिवशी पोरांना शाळेतच पाठवलं नाही. काकांना शाळेत जाणारं मूल नव्हतं, तरी मुख्याध्यापकांना त्यांचं अर्धसमास मिळालंच.

फाइलमधला मुख्य कागद एकच. गोवराच्या लशीने मुलांना ऑटिझम होतो, लंडनच्या मोठ्या डॉक्टरने हे सिद्ध केलं, औषध कंपन्यांनी त्याला आयुष्यातून उठवलं, निदान दहा जणांना पाठवा.

“काका, याचं प्रमाणक?” मी विचारलं.

“साहेबांनी पाठवलंय.”

साहेब म्हणजे त्यांचे एकेकाळचे वरिष्ठ. निवृत्त होऊन कोथरूडला असतात.

“आणि साहेबांना कुठून आलं?”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलो होतो. “साहेबांना ते कसं विचारणार, सर?”

त्या क्षणी मला काकांचा उलगडा झाला. त्यांना आम्ही सगळे संशयी म्हणत आलो, ते खरं नव्हतं. काकांचा संशय पाण्यासारखा खालीच वाहतो. ग्रामसेवकाच्या, वाण्याच्या, माझ्या कागदाला पुरावा लागतो. वरून आलेला कागद हाच पुरावा. उन्हातान्हात डबा खांद्याला लावून फिरणारी, फुकट सरकारी लस टोचणारी सिस्टर त्यांच्या उतरंडीत तळाला होती आणि गॅलरीत झोपाळ्यावर बसून अंगठ्याने निरोप पुढे ढकलणारे साहेब शेंड्याला. असे काका घरोघर आहेत. आमचे फक्त फाइल ठेवतात.

प्रकरण पेटलं ते मृणालमुळे. काकांची लेक बाळंतपणाला आली ती नवऱ्याच्या परदेशातल्या कामामुळे राहिली, आणि बघता बघता नात नऊ महिन्यांची झाली. आशाताई यादी घेऊन दारात आल्या: गुरुवारी अंगणवाडीत गोवर-रुबेलाचा पहिला डोस. काकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पत्र हातात ठेवलं. सदर लशीत पारा आहे काय, असल्यास किती. एका सुईतून दोन रोगांची लस देण्याचे प्रयोजन काय. ऑटिझम होणार नाही असे हमीपत्र मिळेल काय. आणि सर्वांत महत्त्वाचे, लस मोफत असण्यामागील हेतू काय.

आशाताईंनी डावी बाजू शांतपणे वाचली. उजव्या बाजूला लिहिलं, ‘गुरुवारी दहा वाजता बाळाला घेऊन येणे. कार्ड आणणे.’ खाली सही केली आणि पुढच्या घरी गेल्या.

“खुलासा असमाधानकारक,” काका म्हणाले.

“बाबा, मी तिला नेणार आहे,” मृणाल म्हणाली.

“मी विरोधात नाही. मी फक्त प्रश्न विचारतोय.”

या वाक्याचं मला फार कौतुक आहे. विरोध केला तर कारण द्यावं लागतं, प्रश्नाला काही द्यावं लागत नाही. आणि हे वाक्य म्हणणारा माणूस उत्तर ऐकायला थांबलेला मी तरी पाहिलेला नाही.

“मृणालच्या वेळी विचारले होतेत का हे प्रश्न?” काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“तेव्हा मी दौऱ्यावर होतो.”

“डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, सगळ्याला मीच रांगेत उभी होते. सगळ्याच वेळी तुम्ही दौऱ्यावर.”

काकांनी यावर खुलासा दिला नाही. पण मृणालला एकटीला दाराशी गाठलं आणि हळूच म्हणाले (काकांचं हळू तळमजल्यावर वॉचमनला ऐकू जातं), “अगं, वरच्या मजल्यावर पुरावाच आहे ना. ओमला बघ. लस टोचली आणि...”

ओमची आई तेव्हा भाजीची पिशवी घेऊन जिन्याच्या वळणावर होती.

ओम तिसऱ्या मजल्यावर राहतो. आठ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. त्याला लिफ्ट फार आवडते. सकाळी काका दूध आणायला उतरतात तेव्हा ओम लिफ्टचं दार धरून उभा असतो, काका आत आले की मोठ्याने मजला सांगतो आणि मगच बटण दाबतो. हा दोघांचा रोजचा कार्यक्रम आहे आणि त्यात काकांनी आजवर एकही त्रुटी काढलेली नाही.

ओमची आई वर आली. पिशवी खाली ठेवली.

“काका, ओमला लस नवव्या महिन्यात दिली. त्याच्या आधीचे व्हिडिओ आहेत माझ्याकडे. आजी हाका मारतेय, टाळ्या वाजवतेय, हा वळून बघत नाही. आम्हाला ते कळलं तो दोन वर्षांचा झाल्यावर. आता मला सांगा, तुम्हाला अपहार ज्या दिवशी सापडतो, त्याच दिवशी तो झालेला असतो का?”

“छे,” काका सवयीने म्हणाले, “तो मागेच कधीतरी झालेला असतो.”

म्हणाले आणि थांबले. तोंडातून खरं निसटलं होतं.

“मग. आणि दुसरं. गोवरात मूल दगावतं, तुम्हाला माहीत आहे. म्हणजे तुम्ही मृणालला असं सांगताय की तसलं काही झालं तर चालेल, पण ओमसारखं नको. हे मला पुन्हा एकदा तोंडावर सांगा.”

काकांनी सांगितलं नाही. ओमच्या आईने पिशवी उचलली.

रात्री तिच्या दाराखालून कागद सरकला. ‘आज रोजी जिन्यात केलेले विधान पुराव्याअभावी वगळण्यात येत आहे. झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहे.’ सकाळी तो परत आला, उजव्या बाजूला मजकूर होता: ‘नोंद घेतली. मंगळवारी संध्याकाळी तासभर ओमजवळ बसाल का? मला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय.’ काका गेले. काय झालं ते दोघांनीही सांगितलं नाही, पण पुढच्या मंगळवारीही गेले.

तरी लंडनचा डॉक्टर शिल्लक होता. ‘ओमचं वगळलं,’ काका मला म्हणाले, ‘पण मूळ अहवाल उभा आहे.’ मी विज्ञान शिकवतो, त्यामुळे आधी विज्ञानाच्या बाजूने जाऊन पाहिलं. ऑटिझमचं पहिलं नीट वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ साली केलं आणि गोवराची पहिली लस आली १९६३ साली. ऑटिझमची मुळं बरीचशी आनुवंशिक असतात आणि मेंदूची ती घडण जन्माच्या आधीच सुरू झालेली असते. काका नम्रपणे ऐकत होते. अशाच नम्रपणे ते ग्रामसेवकाचं ऐकत असणार. मग मी नाद सोडला, माझ्याकडचे कागद छापले, पंच केले, टॅग लावला आणि त्यांच्या हातात फाइल दिली. म्हटलं, तुम्हीच तपासा. ब्रायन डिअर नावाच्या पत्रकाराने त्या डॉक्टरचं, म्हणजे वेकफिल्डचं, दप्तर उपसून काढलं होतं, त्याचे लेख त्यात होते, आणि ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने काढलेले निष्कर्ष.

बुधवारी रात्री दहाला बेल वाजली. काका. नाकावर चष्मा, खिशाला हिरवं पेन, डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं तेज.

“सर, हा वेकफिल्ड ग्रामसेवक असता तर मी जागेवर निलंबनाची शिफारस केली असती.”

बसायलाही तयार नव्हते. उभ्यानेच सुरुवात केली. १९९८च्या फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निबंध आला, मुलं किती? बारा. “बारा! एका अंगणवाडीत याहून जास्त पट असतो.” बरं, ही बारा आली कुठून? लशीच्या विरोधात चळवळ करणाऱ्यांच्या ओळखीने बरीचशी गोळा केलेली. “लाभार्थी निवड. सगळे सरपंचाचे पाहुणे.” त्यात लस कंपन्यांवर दावा लावायच्या तयारीत असलेला एक वकील, आणि त्या वकिलामार्फत डॉक्टरला मिळालेली रक्कम ४,३५,६४३ पौंड, अधिक खर्च. ‘अधिक खर्च’ याखाली काकांनी तीन हिरव्या रेघा ओढल्या होत्या. ही रक्कम कुठली, तर गोरगरिबांना कोर्टात मदत मिळावी म्हणून सरकारने ठेवलेल्या निधीतली. आणि तिचा निबंधात उल्लेख नाही.

“सार्वजनिक निधी, सर,” काका पुटपुटले. देवाचं नाव घ्यावं तसे.

पुढे पेटंट. डॉक्टरने १९९७च्या जूनमध्ये गोवराच्या एका वेगळ्या लशीसाठी पेटंटचा अर्ज करून ठेवलेला. मग आठ महिन्यांनी पत्रकार परिषद, आणि तिच्यात सल्ला काय, तर गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींची एकत्र लस नको, सुट्या सुट्या द्या. “आधी स्वतःची निविदा भरली, मग चालू ठेकेदाराचं काम नापास केलं. मिरजेच्या एका रस्त्याच्या कामात मी अगदी हेच पकडलं होतं.” मिरजेचा रस्ता पाऊण तास चालला. मी तो इथे वगळतो.

वाढदिवसाच्या प्रसंगाला मात्र काकांनी बैठक मारली. डॉक्टरने आपल्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या पोरांचं रक्त घेतलं होतं, तुलनेसाठी निरोगी मुलं हवीत म्हणून, आणि प्रत्येकाच्या हातावर पाच पौंड ठेवले होते. वैद्यकीय परिषदेला यात मुलांविषयीची बेपर्वाई दिसली, आणि ती होतीच. काकांना दुसरंच खुपत होतं. “पोचपावती नाही. कुठल्या लेखाशीर्षातून दिले? केकच्या बिलात घातले असणार.”

निबंधातच एक वाक्य आहे, की लस आणि हा आजार यांचा संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही. काकांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. मोजमाप पुस्तकात काम शून्य आणि उद्घाटन मात्र बँड लावून, हा प्रकार त्यांच्या ओळखीचा होता. त्यामुळे त्यावर ते हसले.

शेवटच्या पानाशी आल्यावर हसले नाहीत. डिअरने निबंधातली माहिती आणि त्या मुलांचे दवाखान्यातले मूळ कागद ताडून पाहिले होते. निबंध म्हणतो, बाराही मुलं आधी ठणठणीत होती. कागद म्हणतात, पाच जणांच्या वाढीबद्दल आधीपासूनच काळजी नोंदलेली होती. निबंध म्हणतो, नऊ मुलं शिकलेलं विसरत ऑटिझमकडे गेली. कागद म्हणतात, त्यातल्या तिघांना ऑटिझमचं निदान झालेलंच नव्हतं. लशीनंतर थोड्याच दिवसांत लक्षणं दिसल्याचं लिहिलं होतं, ती काही मुलांच्या बाबतीत प्रत्यक्षात महिन्यांनी आलेली.

“तारखा, सर,” काकांचा आवाज बसला. “तारखा बदलल्या.”

खाणारा माणूस काकांना समजू शकतो. बत्तीस वर्षांत त्यांनी खाणारे इतके पाहिले, की त्यांच्याविषयी एक प्रकारचा कौटुंबिक जिव्हाळाच निर्माण झाला आहे. पण नोंदीची तारीख बदलणारा त्यांच्या दृष्टीने माणसात मोडत नाही.

निकालाचा भाग मी सांगितला. दहा सहलेखकांनी २००४ साली त्या निष्कर्षातून अंग काढून घेतलं. वैद्यकीय परिषदेची सुनावणी २१७ दिवस चालली. २०१०च्या फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला आणि मे महिन्यात डॉक्टरचं नाव वैद्यकांच्या नोंदवहीतून काढलं. म्हणजे कंपन्यांनी संपवलेला हुतात्मा वगैरे काही नाही, रीतसर चौकशी होऊन गेलेला इसम. मला वाटलं, बारा वर्षं लागली म्हणून काका खवळतील. ते खुर्चीत मागे रेलले. “ठीक आहे. आमच्याकडेही साधारण तेवढीच लागतात.”

“आणि वसुली?” त्यांनी विचारलं.

वसुली झाली, पण डॉक्टरकडून नाही. इंग्लंडात या लशीचं प्रमाण घसरत ८० टक्क्यांपर्यंत आलं. गोवर थोपवायला शंभरातल्या पंच्याण्णव जणांना लस लागते. त्या काळात लस चुकलेली पोरं मोठी होत गेली आणि २०१२-१३ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी भागात साथ उसळली, रुग्णांचा आकडा १,२०० च्या वर गेला. आईबापांनी १९९८ नंतर ऐकलेल्या बातमीचं बिल दहा-बारा वर्षांनी शाळकरी मुलांच्या नावावर निघालं. काकांनी ते टिपून घेतलं, शेरा मारला नाही.

मग म्हणाले, दुसऱ्या बाजूचाही हिशेब दाखवा, एकतर्फी तपासणी मी करत नसतो. मी डेन्मार्कचा २०१९ चा अभ्यास पुढे ठेवला. तिथे प्रत्येक माणसाला सरकारी क्रमांक असतो, त्यामुळे १९९९ ते २०१० मध्ये जन्मलेल्या मुलांची लशीची नोंद आणि ऑटिझमच्या निदानाची नोंद एकमेकींशी लावून पाहता आली. लस घेतलेली ६,२५,८४२. न घेतलेली ३१,६१९. काकांनी माझ्या डोळ्यांदेखत पेनने बेरीज केली. ६,५७,४६१. निबंधातला आकडाही तोच.

“गोल केलेला नाही,” ते म्हणाले. “साडेसहा लाख असं लिहून मोकळे झाले नाहीत. शेवटचं एक पोर धरलंय.”

ऑटिझमचं निदान झालेली त्यात ६,५१७. लस घेतलेल्यांत प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा जास्त नाही. ज्यांच्या भावंडाला ऑटिझम आहे, अशा मुलांतही नाही. हा भाग मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो, पण काका अजून बेरजेकडेच बघत होते. जाताना त्यांनी विचारलं, डेन्मार्कच्या ऑडिट खात्यात निवृत्त माणसांना मानधनावर घेतात का.

त्या रात्री काकांनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. साहेबांना अर्धसमास पाठवलं. मसुदा आधी काकूंना वाचून दाखवला, मग मृणालला, मग फोन करून मला. ‘संदर्भ: आपला लसीकरणविषयक संदेश. सदर संदेशाचे मूळ प्रमाणक तपासणीसाठी उपलब्ध व्हावे, ही नम्र विनंती. उद्धटपणाबद्दल क्षमस्व.’ बटण मृणालने दाबलं, काकांचा अंगठा थरथरत होता. पहाटे साडेपाचला साहेबांचं उत्तर आलं: गुलाबाचं फूल, त्यावर दवबिंदू, खाली ‘सुप्रभात’. काकांनी ते छापून आणलं, आवक क्रमांक दिला आणि समासात लिहिलं, ‘खुलासा मुद्द्याला धरून नाही.’

गुरुवारी अंगणवाडीत पावणेदहालाच वरात पोचली. मृणाल, तिच्या कडेवर नात, काकू, छत्री, काका आणि फाइल. मला बोलावलं नव्हतं, पण असा प्रसंग सोडायला मी काही संत नाही. शाळेत उशिरा येतो म्हणून कळवलं.

सिस्टरसमोर बर्फाच्या पिशव्या घातलेला लशीचा डबा, सुया कापायचं यंत्र आणि रजिस्टर. काकांची नजर रजिस्टरवर खिळली.

“लस कुठली?”

“पुण्याची.”

सांगलीकर म्हणून काका क्षणभर सावध झाले. “मुदत?” सिस्टरने बाटली फिरवून तारीख दाखवली. टोपणावर एक गोल होता, गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस नीट थंड राहिली आहे. उन्हात तापली तर चौकोन गडद होत जातो आणि मग ती वापरायची नाही. काकांनी चष्मा वर केला, खाली केला. बाटली स्वतःच स्वतःची तपासणी करते, हे त्यांना फार भावलं. “हे सिमेंटच्या पोत्यावर पाहिजे होतं.”

“पारा किती?”

“ह्यात नाही हो काका. ही जिवंत विषाणूची लस, अगदी दुबळा केलेला विषाणू. टिकवायचं औषध घातलं तर तोच मरंल. म्हणून तर बाटली फोडली की वेळ लिहायची आणि चार तासांनी उरलेली टाकायची. ते पाऱ्याचं औषध असतंय दुसऱ्या काही बाटल्यांत, कणभर. त्यानं पण ऑटिझम होत नाही. बघून झालंय सगळं.”

काकांच्या फाइलमधला सर्वांत जुना आक्षेप, पाऱ्याचा, असा उभ्या उभ्या गेला. जी वस्तू खरेदीच झालेली नाही, तिच्या अपहाराचा परिच्छेद ते सहा-सात वर्षं सांभाळत होते. पण त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. “उरलेले डोस टाकता? वाया?”

“नोंद असत्या की.” सिस्टरने रकाना दाखवला. वाया गेलेल्या डोसांचा स्वतंत्र रकाना होता. काका त्याच्याकडे भक्तिभावाने पाहत राहिले.

“आणि मोफत का?”

“मोफत कुठलं? तुमच्या-माझ्या टॅक्सातलं हाय.”

हे उत्तर काकांना इतकं पटलं, की पुढचे प्रश्न त्यांनी स्वतःच मागे घेतले.

उजव्या दंडावर सुई गेली. नात किंचाळली, काकूंनी तिला घेतलं, काका भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता वाचायला लागले. सिस्टर मृणालला सांगत होत्या: ताप येऊ शकतो, आठवड्या-दीड आठवड्याने बारीक पुरळही येईल, घाबरायचं नाही, क्वचित एखाद्या बाळाला तापात आकडी येते, तसं वाटलं तर लगेच दवाखान्यात, जोरदार ॲलर्जी दहा लाखांत एखाद्याला, म्हणून अर्धा तास इथेच बसायचं, त्यावरचं औषध माझ्याजवळ आहे, दुसरा डोस सोळाव्या महिन्यापासून पुढे, कार्ड हरवायचं नाही.

“म्हणजे जोखीम आहे,” काका म्हणाले.

“हाय की. सांगितली ना.”

काका गप्प. त्यांना लपवलेल्या गोष्टी शोधायची सवय. मागितल्याबरोबर मिळालेल्या कबुलीचं काय करायचं, ते त्यांना सुचेना.

तो अर्धा तास काकांच्या निवृत्त आयुष्यातला सर्वोत्तम असावा. मुलं रडत होती, आया कार्डं शोधत होत्या आणि काका परवानगी घेऊन रजिस्टर पाहत होते. खाडाखोड नाही, कोरी जागा नाही, बाटलीचा बॅच क्रमांक ओळीने. त्यांचा चेहरा हळूहळू पडायला लागला. मला दया आली. मग एकदम हिरवं पेन बाहेर निघालं.

“सिस्टर, मागच्या गुरुवारची बेरीज. पोलिओचा रकाना. तेवीस लिहिलंय, चोवीस होतात.”

सिस्टरने मोजलं. चोवीस होत होते. काकांनी तिला चहा पाजला.

नातीला शुक्रवारी थोडा ताप आला. काकांनी वहीत दर तासाची नोंद ठेवली, रात्री दोनच्या नोंदीसह, आणि शनिवारी ताप उतरल्यावर खाली दोन रेघा मारून खातं बंद केलं. मृणाल आता पुण्याला गेली आहे. दुसऱ्या डोसाची तारीख काकांनी तिच्या नवऱ्याला, विहिणीला आणि त्यांच्या सोसायटीच्या सचिवाला लेखी कळवली आहे.

साहेबांचे निरोप येणं बंद झालं. काकांना त्याचं दुःख झालं असावं, पण तेवढा वेळ त्यांच्याकडे नाही. कारण आता दर गुरुवारी काका अंगणवाडीच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. येणाऱ्या प्रत्येक आईचं कार्ड तपासतात, चुकलेल्या डोसांवर हिरवा गोल करतात आणि कुणी ‘लशीनं काय होतंय का’ म्हणून दबकत विचारलंच तर १९९८ पासून सुरुवात करतात. २०२२ साली गोवंडीत गोवराने लहान मुलं कशी दगावली, तेही सांगतात, आणि ते सांगताना आवाज चढवत नाहीत. परवा एका बापाने “मी विरोधात नाही, मी फक्त विचारतोय” म्हटलं, तेव्हा काका त्याला म्हणाले, “लेखी विचारा.”

सिस्टरने मला शाळेच्या फाटकाशी गाठलं. त्यांच्या हातात घडी घातलेल्या कागदांचा गठ्ठा होता, सगळ्यांची उजवी बाजू कोरी.

“सर, तुमच्या वळखीचे आहेत म्हणून विचारते,” त्या म्हणाल्या. “ह्यांची बदली करता येते का कुठं?”